लॅबची किल्ली, चोवीस मॅट्स आणि ५ वाजताची नोटीस: प्राचार्य सरांना खुलं पत्र

प्रति,
प्राचार्य सर, सगळे विभागप्रमुख आणि व्यवस्थापन मंडळ

सर, नमस्कार.

मी तुमच्याच कॉलेजात थर्ड इयर ईएक्सटीसीला (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनला) आहे, रोबोटिक्स टीमची कॅप्टन, आणि ज्युदोत ग्रीन बेल्ट. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, पण तुम्ही ओळखाल. कॉलेजला ग्रेड देणारी नॅकची टीम आली होती तेव्हा वर्कशॉपच्या दारात रोबो चालवून दाखवला आणि तुम्ही पाहुण्यांना "ही आमची ॲसेट" म्हणालात ती मुलगी.

हे असं चारचौघांत लिहायची मला हौस नाही. आधी रीतसर दोन अर्ज दिले, पहिला २२ जानेवारीला, दुसरा २ फेब्रुवारीला, दोन्हींच्या कॉपीवर इनवर्डचा शिक्का आहे. ऑफिसमध्ये विचारायला गेलं की "सरांच्या टेबलवर आहे", तुमच्या केबिनबाहेर थांबलं की "सर मीटिंगमध्ये आहेत". मग म्हटलं टेबल जरा मोठं करूया, नवी मुंबईतल्या आणि ठाण्यातल्या बाकीच्या कॉलेजातल्या पोरांनी, आमच्या आईवडिलांनी, माजी विद्यार्थ्यांनीपण वाचावं.

१९ जानेवारीच्या सोमवारी जी नोटीस लागली त्यात लिहिलंय की विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक हितासाठी "छंदविषयक सर्व उपक्रम" संध्याकाळी ५ ला बंद होतील. आता बाहेरच्या लोकांसाठी सांगते, आमचं शेवटचं लेक्चर ४:४५ ला संपतं. चौथ्या मजल्यावरून बेसमेंटमध्ये उतरायला, रजिस्टरवर सही करायला आणि शटर वर करायला सात-आठ मिनिटं जातात. उरली सात मिनिटं. सात मिनिटांत सोल्डरिंग आयर्न नीट तापतं फक्त.

त्याच नोटिशीत अजून तीन गोष्टी आहेत. ज्युदोचा हॉल प्लेसमेंटच्या ॲप्टिट्यूड ट्रेनिंगला दिला. स्पर्धेला गेलं तर गैरहजेरी धरणार. आणि केटी (राहिलेला विषय) असेल किंवा पॉइंटर (१० पैकी ग्रेडची सरासरी) ७ च्या खाली असेल तर कुठल्याच क्लबमध्ये घेणार नाहीत. चारही गोष्टी एका पानावर, खाली सही, विषय संपला.

सर, "छंद" हा शब्द वाचून मला हसूच आलं, कारण माझ्या घरी कुणाला छंद वगैरे नाहीत. आम्ही कळव्याला राहतो, वन रूम किचन. बाबा रबाळे एमआयडीसीत टर्नर आहेत, २२ वर्षं लेथवर उभे. आई पोळीभाजीचे डबे करते. फर्स्ट इयरला आले तेव्हा मला रेझिस्टरचे कलर कोड पाठ होते पण रेझिस्टर हातात धरला नव्हता. बेसमेंटमधल्या त्या लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात मी बॅटरीच्या वायरी उलट्या लावून मोटर ड्रायव्हर (मोटर चालवणारं सर्किट) जाळला, असा वास सुटला की दोन दिवस गेला नाही, आणि सीनियर दादा ओरडला नाही, तो फक्त म्हणाला की आता तुला पोलॅरिटी आयुष्यात विसरायला होणार नाही. खरंच नाही झालं. तीच गोष्ट सेमिस्टरच्या पुस्तकात अर्ध्या ओळीची आहे आणि मी ती ओळ वाचून पुढे गेले असते.

दुसऱ्या वर्षी आमच्या रोबोचं चाक शाफ्टवर सारखं फिरायचं. मोटर फिरतेय, चाक जागेवर. आम्ही ग्रब स्क्रू (चाक शाफ्टवर दाबून धरणारा छोटा स्क्रू) आवळतोय, परत ढिला, लॉकटाइट (स्क्रूचा गोंद) लावतोय, परत ढिला, असं दोन आठवडे चाललं. घरी जेवताना सहज बोलले तर बाबांनी ताटातला हात थांबवला आणि विचारलं, शाफ्ट किती एमएमचा? म्हटलं १०. म्हणाले मग ३ एमएमची की (शाफ्ट आणि चाकाच्या खाचेत बसणारी पट्टी) टाक ना, ग्रब स्क्रूवर कुणी लोड देतं का, येडे कुठले. दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर मालकाला विचारून त्यांनी हब (चाकाचा मधला भाग) बोअर करून दिला, शेजारच्या गाळ्यातून स्लॉटिंगवर की-वे, म्हणजे कीची खाच, मारून आणला, आणि तो हब आजपण आमच्या रोबोत आहे. बाबा दहावी नापास आहेत. त्या दिवसापासून ते मला "आज काय तुटलं" असं रोज विचारतात. आधी "अभ्यास झाला का" एवढंच विचारायचे. हे सगळं तुमच्या नोटिशीत कुठल्या कॉलममध्ये बसतं मला माहीत नाही.

आता स्पर्धांबद्दल, कारण मला शंका आहे की ज्यांनी नोटीस लिहिली त्यांना वाटतं आम्ही खेळणी चालवतो. रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिकमधल्या ब्रॉडकास्टिंग युनियनची स्पर्धा आहे, २००२ ला टोकियोत सुरू झाली, आपल्याकडची राष्ट्रीय फेरी दूरदर्शन घेतं. थीम दरवर्षी यजमान देश देतो, बऱ्याचदा आपल्या मातीतला खेळ किंवा सण. २००८ ला फायनल पुण्यात होती तेव्हा थीम होती गोविंदा, म्हणजे आपली दहीहंडी! ठाण्यात राहणाऱ्याला याहून काय पाहिजे, आम्ही लहानपणापासून थर बघतोय. आणि २०२२ ला दिल्लीत होती तेव्हा लगोरी. एका टीमच्या रोबोने बॉल मारून लगोरी फोडायची, परत रचायची, समोरच्याने बॉल मारून अडवायचं, अगदी आपण सोसायटीच्या गेटमध्ये खेळायचो तसं, फक्त कोड लिहून. पहिल्यांदा रूलबुक वाचलं तेव्हा मला इतकं भारी वाटलेलं, की जो खेळ खेळताना खिडकीची काच फुटली म्हणून मार खाल्ला त्याच्यावर कोणीतरी इतक्या पानांचे नियम लिहिलेत, आकृत्यांसकट.

गेल्या वर्षी २०२५ ला थीम बास्केटबॉल होती. बॉल खरा, साधारण ६०० ग्रॅमचा. आम्ही दोन फ्लायव्हीलमधून, म्हणजे जोरात फिरणाऱ्या दोन चाकांमधून, बॉल फेकायचं ठरवलं. बॅटरी फुल असताना पहिला बॉल झकास आत. दुसरा आत. पाचवा रिंगच्या पुढच्या कडेला आपटून आमच्याच अंगावर. का, तर बॅटरी उतरते तसा व्होल्टेज पडतो, चाकांचा आरपीएम (मिनिटाचे फेरे) कमी होतो, आणि प्रत्येक बॉल गेला की चाक थोडं दबतं, ते परत वेगात यायच्या आत आम्ही पुढचा बॉल सोडत होतो. हे कळायलाच आम्हाला नऊ दिवस लागले. मग फेरे मोजणारा एन्कोडर लावला, आरपीएम मोजून लूप लिहिला, वेग आला की मगच बॉल सुटेल असं केलं, आणि रात्री साडेआठला सलग अकरा बॉल आत गेले तेव्हा बेसमेंटमध्ये आम्ही इतके ओरडलो की वॉचमन काका काठी घेऊन आले. मग तेपण थांबले. म्हणाले अजून एक टाका.

ते नऊ दिवस रोज ५ ते ९ असे होते, सर. म्हणजे ३६ तास. नव्या नोटिशीप्रमाणे रोज सात मिनिटं धरली तर त्याच कामाला ३०० च्या वर दिवस लागतील. गणित मी दोनदा तपासलं.

दिल्लीला आम्ही लीगमध्येच हरलो, तेही सांगते, उगाच हिरो व्हायचं नाही. पण आमचे दोन सीनियर्स कॅम्पस इंटरव्ह्यूला बसले तेव्हा त्यांना अर्धा वेळ त्या फ्लायव्हीलवरच प्रश्न विचारले. ॲप्टिट्यूडमध्ये तर सगळेच पास झालेले असतात हो.

ज्युदोचं सांगते. आठवड्यातून तीन दिवस, मंगळवार, गुरुवार, शनिवार, साडेपाच ते सात. सेन्सेई, म्हणजे आमचे ज्युदोचे सर, ठाण्याहून येतात, रेल्वेत नोकरी करून. आमच्याकडे २४ मॅट्स होत्या, माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दिलेल्या. ज्युदो काढणारे जिगोरो कानो यांनी १८८२ ला टोकियोत एका देवळात सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडे १२ मॅट्स होत्या आणि ९ विद्यार्थी. म्हणजे आपण दुप्पट श्रीमंत होतो. आणि कानो पेशाने मास्तर होते बरं का, पुढे बरीच वर्षं हेडमास्तर. शिक्षणाच्या बाहेरची गोष्ट म्हणून त्यांनी हे काढलं नव्हतं.

पहिले दोन महिने सेन्सेईंनी आम्हाला फक्त पडायला शिकवलं. उकेमी. पडायचं, हात मॅटवर आपटायचा, हनुवटी छातीला, परत उठायचं, परत पडायचं. मला इतका कंटाळा यायचा. मग एकदा पावसाळ्यात ठाणे स्टेशनच्या जिन्यावर पाय घसरला, पाठीवर बॅग, बॅगेत लॅपटॉप, आणि मी पडले ती अशी पडले की डोकं वाचलं, लॅपटॉप पण वाचला, फक्त हाताला खरचटलं. मागच्या काकू म्हणाल्या अगं तू तर मांजरासारखी पडलीस. (ज्युदो शिकले म्हणजे रस्त्यात कुणाला उचलून आपटते असं काही नाही. सेन्सेईंनी पहिल्याच दिवशी सांगितलंय, पळता येत असेल तर पळ.)

आणि तुम्ही या दोन गोष्टी नोटिशीत वेगवेगळ्या ओळीत लिहिल्यात पण त्या आमच्याकडे एकच झाल्या होत्या. आमचा रोबो ब्रेक मारला की पुढे तोंडावर पडायचा. आम्ही कोडमध्ये ब्रेक हळू करतोय, रॅम्प लावतोय, काहीतरी चाललेलं. सेन्सेई एकदा हॉलची किल्ली द्यायला खाली आले, दोन मिनिटं बघत उभे राहिले, आणि म्हणाले, "याला कोणी ढकलायची गरजच नाही, हा स्वतःच कुझुशीत उभा आहे." कुझुशी म्हणजे समोरच्याचा तोल आधी मोडायचा, मग फेकायचं. तोल मोडलेला माणूस कितीही जाड असू दे, हलका होतो. ते म्हणाले एकतर पाय रुंद कर नाहीतर कंबर खाली घे. आम्ही बघितलं तर बॅटरी, म्हणजे सगळ्यात जड वस्तू, आम्ही वायरिंग सोपं पडतं म्हणून वरच्या प्लेटवर ठेवली होती. खाली घेतली. चार स्क्रू. पडायचा बंद झाला. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी मी अकरावीपासून तीन वेळा शिकलेय, पण समजली त्या दिवशी.

आज त्या २४ मॅट्स कुठे आहेत माहितीये का सर? मागच्या जिन्याखाली, पाण्याच्या पंपाशेजारी, उभ्या रचून. मी गेल्या शुक्रवारी जाऊन बघितलं. पंपाची गळती तिथेच येते. खालच्या सहा मॅट्सची कड फुगलीये, दाबलं की पाणी येतं, आणि मागच्या बाजूला हिरवट काळी बुरशी धरलीये. एका मॅटवर कुणीतरी रंगाचे डबे ठेवलेत. आम्ही मॅटवर चढताना उतरताना वाकून नमस्कार करतो, चप्पल घालून कधी पाय ठेवत नाही. मला तिथे उभं राहून खरंच रडू आलं, ते रागाचं होतं की कशाचं मला नाही माहीत.

आणि हॉल बंद झाला म्हणून पोरं थांबली नाहीत. फर्स्ट इयरचे तिघं पार्किंगमागच्या पॅसेजमध्ये टाइल्सवर प्रॅक्टिस करत होते. एकाचं मनगट हेअरलाइन फ्रॅक्चर झालं, तीन आठवडे प्लॅस्टर. चूक त्यांचीच, मी त्यांना झापलं पण. पण मॅट जिन्याखाली आणि पोरगं टाइल्सवर, हे उलटं कोणी केलं हेही विचारायला हवं.

आता एकेक तक्रार. उगाच वाढवत नाही.

लॅबबद्दल तुमचं म्हणणं मला एचओडी मॅडमकडून कळलं, की नोव्हेंबरमध्ये बॅटरीतून धूर आला म्हणून सेफ्टीचा प्रश्न आहे. हे खरं आहे आणि ते आमचं चुकलं, मी इथे सगळ्यांसमोर कबूल करते. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचा एक सेल फुगलेला दिसत असूनही आम्ही "उद्या बघू" म्हणून चार्जिंगला लावली आणि चहाला गेलो. असं कधी करायचं नसतं. सेल ४.२ व्होल्टच्या वर न्यायचा नाही, ठेवून द्यायची असेल तर ३.८ च्या आसपास ठेवायची, फुगली की सरळ बाद, आणि चार्ज होताना माणूस समोर पाहिजे, हे सगळं आम्हाला माहीत होतं आणि तरी केलं नाही. नशीब वाळूची बादली होती, लॅब असिस्टंट काकांनी बॅटरी उचलून त्यात टाकली. पण सर, त्यानंतर आम्ही स्वतः चार्जिंगचं रजिस्टर सुरू केलं, पत्र्याची पेटी आणली, आणि तुमच्याकडे फायर एक्स्टिंग्विशर बदलून मागितला, कारण भिंतीवरच्याची तारीख उलटून गेलीये. तो अजून तोच आहे. सेफ्टीसाठी लॅब बंद करता येते पण सिलेंडर बदलता येत नाही, हे मला झेपत नाही.

दुसरं, मुलींचं. हे नोटिशीत लिहिलेलं नाही, तोंडी सांगितलं. "मुलींनी उशिरापर्यंत बेसमेंटमध्ये थांबणं बरं दिसत नाही." माझ्या टीममध्ये १४ जणांत पाच मुली आहेत. ॲप्टिट्यूड ट्रेनिंग त्याच बिल्डिंगमध्ये साडेसातपर्यंत चालतं आणि त्याला मुलींची हजेरी सक्तीची आहे. तिकडे बरं दिसतं, खाली उतरलो की दिसत नाही. माझ्या आईला सांगितलं तर ती कांदा चिरता चिरता म्हणाली, कॉलेजच्या आतच आहेस ना, मग त्यांना कसली भीती, आत काही होतंय का? तुम्हीच तिला उत्तर द्या. ट्रान्स हार्बरला ९ नंतरपण गाड्या असतात, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे सगळीकडून बायका कामावरून सुटून त्याच गाडीत असतात, आम्ही काही वेगळं करत नाहीये. एकदा तर आम्ही रोबोचा बेस लगेजच्या डब्यातून नेत होतो, तर टोपली घेऊन बसलेल्या कोळीण मावशींनी विचारलं, "काय गो पोरी, कपरं धुवाची मशीन हाय का?" आणि जागा करून दिली. त्यांना बरं दिसलं.

तिसरं, हजेरी. ७५ टक्के पाहिजे, मान्य. पण कॉलेजच्या नावाचा टीशर्ट घालून, तुमच्या सहीचं पत्र घेऊन दिल्लीला गेलो त्या सहा दिवसांची गैरहजेरी लागून आमचे चार जण डिफॉल्टर लिस्टमध्ये आले आणि पालकांना बोलावलं. एकाचे बाबा शहापूरहून सुट्टी टाकून आले. त्यांना वाटलं पोरगं काहीतरी भानगडीत सापडलं.

चौथं, ७ पॉइंटरची अट. माझा ८.१ आहे, मला ही अट लागत नाही, म्हणून मीच बोलते. आमच्याकडे वेल्डिंग ज्याच्या हाताला आहे त्याला मॅथ्स थ्रीची केटी आहे. त्याला लॅबमधून काढलं तर तो मॅथ्स थ्री करेल असं तुम्हाला वाटतंय. तो कॉलेजलाच येणार नाही सर. तो फक्त या लॅबसाठी येतो आणि आलाय म्हणून लेक्चरला बसतो, हे त्याच्या सगळ्या मास्तरांना माहितीये. गेल्या सेमला त्याची दोनची एक केटी झाली ती याच लॅबमध्ये, आम्ही रात्री त्याला मॅथ्समधला लाप्लास शिकवला, त्याने आम्हाला टीआयजी वेल्डिंग शिकवलं.

पाचवं, पैसे. फीच्या पावतीवर "स्टुडंट ॲक्टिव्हिटी" असा रकाना आहे, तो आम्ही सगळे भरतो. मग ॲक्टिव्हिटी बंद तर तो रकाना कशाला. आमचं सामान आम्ही लॅमिंग्टन रोडवरून घासाघीस करून आणतो, बेअरिंग नागदेवी स्ट्रीटवरून, ॲल्युमिनियम सेक्शन भंगारातून. कॉलेजने गेल्या वर्षी स्पर्धेची एन्ट्री फी दिली, त्याबद्दल मनापासून थँक्यू, बाकीचं आम्ही दिवाळीत आकाशकंदील विकून उभं केलं.

आणि ब्रोशर. नव्या ॲडमिशनच्या ब्रोशरमध्ये चौथ्या पानावर आमच्या रोबोचा फोटो आहे, सातव्या पानावर माझाच ओ गोशी (कमरेवरून फेकायचा ज्युदोतला डाव) मारतानाचा. खाली लिहिलंय "सर्वांगीण विकास". पुढच्या जूनमध्ये कुणीतरी कळव्याची, दिव्याची, तळोज्याची मुलगी ते पान बघून इथे येईल, मी तशीच आले होते, आणि तिला काय दाखवणार आहात, शटर?

नवीन शैक्षणिक धोरणाचा, २०२० च्या, कार्यक्रम आपल्या सभागृहात झाला होता. त्यात स्पष्ट आहे की अभ्यासक्रमातलं आणि अभ्यासक्रमाबाहेरचं अशी पक्की भिंत नको. स्लाइडवर होतं, मी तिसऱ्या रांगेत बसले होते. तुमच्या भाषणाला टाळ्यापण वाजवल्या.

अजून एक राहिलं. जानेवारीत कॉलेजच्या गेटवर खाशाबा जाधवांचा बॅनर लागला होता, जन्मशताब्दीचा, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन. मोठा बॅनर, चांगला होता. हेलसिंकीत १९५२ ला कुस्तीत कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बॅनरवर एवढंच होतं. कोल्हापुरात त्या पदकाची गोष्ट सांगतात तेव्हा एक प्राचार्य त्यात असतात, राजाराम कॉलेजचे खर्डेकर सर. पोराला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते म्हणून त्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं, ७,००० रुपयांना. बॅनर निघाला त्याच आठवड्यात आमची नोटीस लागली. खिळेपण तेच वापरले असतील. सर, आमच्यातला कोणी ऑलिंपिकला चाललेला नाही आणि तुमच्या घराला आम्ही हात लावत नाही. आम्हाला बेसमेंटची किल्ली पाहिजे.

तर मागण्या साध्या आहेत:

१. लॅब सोमवार ते शनिवार रात्री ९ पर्यंत. रजिस्टर आम्ही ठेवतो, शेवटी निघणारा सही करून किल्ली वॉचमन काकांकडे देईल. मुलींसाठी वेगळा नियम नको, पालकांचं संमतीपत्र पाहिजे तर उद्या आणून देतो, मुलांच्या पालकांचंपण घ्या.

२. बॅटरीसाठी वेगळी पेटी, वाळू आणि चालू तारखेचा एक्स्टिंग्विशर. चार्जिंगचे नियम भिंतीवर लावू, पुन्हा मोडले तर टीमला महिनाभर बंदी घाला, आम्ही लिहून देतो.

३. मॅट्स या आठवड्यात जिन्याखालून काढून कोरड्या जागी. उचलायला आम्ही २० जण येतो, हमाल लागणार नाही. खराब झालेल्या सहाचं काय करायचं ते सेन्सेईंना विचारून ठरवा. आणि हॉल आठवड्याचे तीन दिवस दीड तास. ॲप्टिट्यूडला दुसऱ्या मजल्यावरचा सेमिनार हॉल त्या वेळेत रिकामा असतो, टाइमटेबल मी बघितलंय.

४. कॉलेजच्या पत्रावर स्पर्धेला गेलेल्यांची हजेरी धरावी. डिफॉल्टर लिस्टमधून ती चार नावं काढावीत आणि शहापूरच्या त्या काकांना एक फोन करावा.

५. पॉइंटरची अट रद्द.

६. ॲक्टिव्हिटी फीचा गेल्या दोन वर्षांचा हिशोब नोटीस बोर्डावर.

७. या पत्राला लेखी उत्तर. "बघू" चालणार नाही.

आम्ही घोषणा देणार नाही, लेक्चर बंद करणार नाही, कुणाच्या गाडीची हवा काढणार नाही. तुमच्याविषयी राग आहे पण अनादर नाही, फर्स्ट इयरच्या ओरिएंटेशनला तुम्ही तुमच्या कॉलेजच्या काळात रेडिओ खोलून परत जोडता न आल्याची गोष्ट सांगितली होती ती आमच्यातल्या सगळ्यांना आठवतेय. त्या माणसाशीच बोलतोय असं समजून लिहिलंय.

येत्या सोमवारी ४:५२ ला आम्ही १४ जण लॅबच्या शटरसमोर असू. बॅटऱ्या चार्ज करूनच आणू, घरून, समोर बसून, कारण कॉलेजचा चार्जर कुलपात आहे. तुम्हाला वेळ असेल तर खाली या. नोटीस लागली त्या दिवशी रोबो ज्या अवस्थेत आत राहिला तसाच आहे, डावं चाक काढलेलं, बाबांचा हब टेबलावर, आणि त्याची की बहुतेक कुणाच्या तरी खिशात.

आपली विद्यार्थिनी,
थर्ड इयर, ईएक्सटीसी

ता. क. पंपाची गळती मी प्लंबर काकांना दाखवली. वायसर गेलाय म्हणाले, दहा रुपयांचा येतो. पैसे मी दिलेत, पण पंपाच्या खोलीची किल्ली ऑफिसात आहे, तेवढी त्यांना द्या.